उशिरा आलेली हाक

माझं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळल्यापासून मला मुलींचे फोन येतात. कबड्डीवाल्या, व्हॉलीबॉलवाल्या, एक तर लांब उडीवाली. प्रश्न ठरलेले असतात: किती महिने लागले, पट्टा कोणता बांधला, आता दुखतं का, परत खेळता येतं का. मी सगळं सांगते. पण फोन ठेवला की वाटतं, या पोरीला आपण अर्धंच सांगितलं. गुडघा कसा तुटला ते सांगितलं, तुटल्यावर मी काय केलं ते नाही. ते इथे लिहिते आहे. ज्यांना नुसते महिनेच मोजायचे आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मी सुनीता. आर्णीपासून थोडं आत आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. घरी कापूस, तूर, सोयाबीन, दोन म्हशी आणि दोन पोरी. मी मोठी, काजल माझ्याहून अडीच वर्षांनी लहान. मी तापट आहे, ती शांत. याडी, म्हणजे आमची आई, म्हणते की देवाने दोघींचं तिखट एकीतच टाकलं. आम्ही घरात गोरबोली बोलतो. इथे मराठीत लिहिताना मी आमचं बोलणं आमच्याकडच्या मराठीत लिहिणार आहे, कारण पुस्तकी मराठीत रागावलेली याडी मला ऐकूच येत नाही.

आंग आणि लार

आमचा खेळ व्हॉलीबॉल. तो थोडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी जाळीजवळ मध्ये उभी राहते. समोरच्या संघातली एक पोरगी चेंडू उचलून देते, तिला आम्ही लिफ्टर म्हणतो. ती चेंडू आपल्या पुढे देईल की डोक्यावरून पाठीमागे, त्यावर मी कोणत्या बाजूला सरकून उडी मारायची ते ठरतं. माझी नजर मारणाऱ्या पोरींवर असते. लिफ्टरकडे बघायचं काम काजलचं. ती मैदानात मागे उभी राहते आणि लिफ्टरच्या खांद्यावरूनच ओळखते, चेंडू हातात येण्याच्या आधी. ओळखलं की ओरडते. पुढे असेल तर ‘आंग’, मागे असेल तर ‘लार’. गोरबोलीतले साधे शब्द आहेत, पुढे आणि मागे. शहरातल्या पोरींना ते कळत नसत. कळले असते तर लिफ्टरने ऐन वेळी बाजू बदलली असती. आठ वर्षं आम्ही असंच खेळलो. काजल ओरडायची आणि माझे पाय निघायचे, मधे मी नसायचेच.

त्या दिवशी दिग्रसकडच्या एका तांड्यावर सामने होते. शेवटचा सामना पैनगंगेपलीकडच्या संघाशी. सराव चालू असताना त्यांची लिफ्टर आपल्या मैत्रिणीवर ओरडली, ती चक्क गोरबोलीत. त्याही तांड्यावरच्याच पोरी! आमचं सगळं गुपित त्यांच्या घरचं बोलणं होतं.

मी कॅप्टन. पाच मिनिटांत ठरवून टाकलं. "आज आंग-लार बंद. आज आकडे. एक म्हणजे पुढं, दोन म्हणजे मागं."

काजल म्हणाली, "बाई, आज नको ना. आठ वर्साची सवय हाय. चार दिवस घोटू, मंग करू." मोठ्या बहिणीला आमच्यात बाईच म्हणतात.

"तुले का डोकं लावाचं हाय त्याच्यात? उडी मले माराची हाय. तू फक्त बोंबल."

काजलने आपला मोबाईल बाहेर बसलेल्या एका पोरीच्या हातात दिला, व्हिडिओ काढायला. तिला घरी जाऊन आपला खेळ बघायची हौस होती.

शेवटच्या डावात बारा-बारा झाले होते. त्यांची लिफ्टर चेंडूखाली आली. काजलचा आवाज आला, "दोन!" पण माझे पाय पुढच्या बाजूला निघाले. हवेत असतानाच मी अंग पिळलं आणि उतरले ती एकट्या उजव्या पायावर. पाऊल जागेवर राहिलं, गुडघा आत गेला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर घेऊन मोडतो ना, तसा आवाज झाला. तो माझ्याच आतून आला हे कळायलाही मला वेळ लागला.

सगळ्यांत आधी माझ्यापाशी काजल पोहोचली. आणि मी तिच्याकडे बघून ओरडले, "काजल, उशिरा सांगतलं तू!"

मैदानाभोवती लोक गच्च होते. सगळ्यांनी ऐकलं.

तीन आठवडे

माणसाने काय करू नये याचा नमुना म्हणून हे तीन आठवडे सांगते. पाय सुजून भोपळा झाला. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनी पाहून निदान केलं की शीर चढली. हळद-चुन्याचा लेप झाला. मग एका चोळणाऱ्याला बोलावलं. त्याने गुडघा असा काही फिरवला की मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. "पोरीच्या तोंडात लई जोर हाय, म्हंजे पायातबी येईन," असं म्हणून तो गेला.

सूज उतरली, तसं वाटलं की झालं बरं. अंगणात चालले. हौदाजवळ वळले आणि गुडघा सटकला. दुखलं कमी, पण भीती बसली. आपल्याच पायावर आपला भरवसा नाही, ही भीती काय असते ते ज्याचा गुडघा गेला त्यालाच कळेल.

या तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट झाली. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "कसं झालं वो?" आणि याडी सांगायची, "लहानीनं उशिरा आवाज देला." चौथ्या-पाचव्या बाईपर्यंत त्याचं झालं, "लहानीच्या पायी मोठीचा पाय मोडला." काजल त्याच बायांना चहा आणून द्यायची. मी खाटेवरून ऐकायची. एकदाही म्हटलं नाही की याडी, असं नको बोलू.

मी तिला एकदाच विचारलं, "तुया मोबाईलवर व्हिडिओ होता ना? दाखव बरं."

"नाई निंगाला. मेमरी भरली होती," ती म्हणाली.

मला बरंच वाटलं. पुरावा नाही तर नाही, मला माहीत आहे ना काय झालं ते. असं मी स्वतःला सांगितलं.

यवतमाळ

शेवटी काजलनेच बा-ला, म्हणजे वडिलांना, तयार केलं आणि आम्ही यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, पाय दुमडला, नडगी दोन्ही हातांनी धरली आणि आपल्याकडे ओढली. ती पुढे आली. कपाटाचा खण ओढावा तशी आली. त्यांनी डावा पाय तसाच ओढला, तो जागचा हलला नाही. मग मला काही विचारायची गरज उरली नव्हती. नंतर मशीनमध्ये फोटो काढले, पण माझ्यासाठी निदान झालं ते त्या टेबलावरच.

"आतली दोरी पूर्ण तुटली आहे," ते म्हणाले. "कोणी धक्का दिला होता?"

"नाही. हाक उशिरा आली."

"हाक?"

मी सांगितलं. काजल बाजूला फाइल छातीशी धरून उभी होती. ती खाली फरशीकडे बघत राहिली.

"चालता येईल, शेतात जाता येईल," डॉक्टर म्हणाले. "उड्या मारायच्या असतील तर मात्र ऑपरेशन. आणि त्यानंतरही लगेच नाही. वर्षभर धीर धरावा लागेल, आणि परत खेळशीलच असा शब्द मी देत नाही."

बाहेर बाकावर बसलो. बा म्हणाला, "चालता येते ना? मंग कायले चिरफाड? पोरीच्या जातीले उड्या मारून का करा लागते?" याडीने पदर तोंडाला लावला. तिला माझ्या लग्नाची पडली होती. गुडघ्यावरच्या खुणा पाहुण्यांना सांगायच्या की लपवायच्या, हा तिचा प्रश्न. मी रडायच्या बेतात होते, आणि रडायची वेळ आली की मी भांडते. मी तोंड उघडणार एवढ्यात काजल म्हणाली, "बा, बाई उडी मारल्याबिगर राह्यचीच नाई. आज नाई म्हणसान तर उद्या चोरून मारन, अन् दुसरा पाय मोडून घेईन. करून टाका ऑपरेशन."

बा तिच्याकडे बघत राहिला. एवढं लांब ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने हो म्हटलं.

खाट

ऑपरेशनच्या वेळी कमरेत सुई देतात. थोड्या वेळाने कोणीतरी एक पाय उचलून धरला. तो माझाच होता, पण मला तो दुकानातल्या पुतळ्याचा वाटला. मधे पडदा होता. पडद्यापलीकडून गिरमिटाचा आवाज आला, सुतार दारात बसून काम करतो तसा. डोक्यापाशी उभ्या असलेल्या सिस्टरने विचारलं, "तू खेळात कुठं उभी राहतेस?" मी सांगायला लागले. आंग, लार, सगळं सांगितलं. ती माझ्या कपाळावर हात ठेवून ऐकत होती. तिला त्यातलं काही कळलं नसणार, पण तो हात मी विसरणार नाही.

वॉर्डात पहाटे पाचला थर्मामीटर, मग गोळ्या, मग झाडूवाल्या मावशी, मग डॉक्टरांची फेरी. दिवसभर एकच व्यायाम: मांडी आवळ, दहापर्यंत मोज, सोड. माझी मांडी आवळायचीच नाही. मी हुकूम सोडायची आणि मांडी ऐकायची नाही, लोण्याच्या गोळ्यासारखी पडून राहायची. चौथ्या दिवशी तिथे एक बारीकशी थरथर आली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सिस्टर पळत आली.

माझ्याजवळ काजलच होती. भांडं देणं, पुसणं, वेणी घालणं, पाय उशीवर ठेवणं, सगळं तीच. आणि मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी दे. पडदा लाव. सावकाश, दुखते.

शेजारच्या खाटेवर राळेगावच्या शांताबाई होत्या. लेकाच्या सायकलवर मागे बसून शेतातून येताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. त्यांच्या जिभेला कधीच प्लास्टर लागलं नसावं. एक दिवस काजल चहा आणायला खाली गेली, तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"काहून वो पोरी, तुयी बहीण मुकी हाय का?"

"नाई."

"मंग तू मुकी होय. चार दिस झाले पाहून राह्यली मी. ते पोरगी तुयं हागणं-मुतणं काढते, अन् तू तिच्याकडं पाहूनबी नाई राह्यली. का केलं तिनं?"

"तिच्यामुळंच झालं हे."

शांताबाईंनी डोळे बारीक केले. "तिनं पाडलं?"

"नाई. उशिरा सांगतलं."

"सांगतलं ना पन?" त्या म्हणाल्या आणि कूस बदलायला जमत नाही म्हणून नुसतं तोंड फिरवून घेतलं.

मला राग आला. बाहेरच्या माणसाला काय कळतं, असं वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी पोरींना सरावात शंभर वेळा ऐकवली आहे. त्या खाटेवर मला ती एकदाही आठवली नाही.

डावा गुडघा

घरी आल्यावर कुबड्या, मग एक कुबडी, मग काठी, मग काहीच नाही. दर आठवड्याला एसटीने यवतमाळला जायचं, काजल सोबत. व्यायाम घेणाऱ्या मॅडम मूळच्या राजूरच्या. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. मॅडमचा आवाजही तसाच, खाणीच्या तळापर्यंत पोहोचेल असा. महिनोन्‌महिने मी बसले-उठले, पायऱ्या चढले, एका पायावर उभी राहिले. मांडी भरली. मला वाटलं, झालं. काजल मात्र मैदानावर जायची बंद झाली होती. तिच्या जागी दुसरी पोरगी मागे उभी राहायची. मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मग एक दिवस मॅडमने दीड फुटाचं लाकडी खोकं मांडलं. "यावरून खाली उडी मार. दोन्ही पायांवर उतर आणि लगेच डावीकडे उडी घे." त्यांनी मोबाईल समोर लावला. मी मारली. उजवीकडे सांगितलं, तीही मारली. व्हिडिओत दोन्ही गुडघे पावलाच्या बरोबर वर. मी खूश.

"आता बाजू आधी सांगणार नाही. तू हवेत असताना सांगीन."

मी उडी मारली. "उजवी!" मी गेले उजवीकडे. पडले नाही, दुखलं नाही. मॅडमने व्हिडिओ हळू करून दाखवला. उतरताना गुडघा सरळ आत झुकला होता. त्या दिवशी गेला होता तसाच.

"अजून कच्चा हाय का तो?" मी विचारलं.

"नीट बघ. कोणता आहे?"

मी बघितलं. तो डावा होता. माझा धडधाकट, कधी काही न झालेला डावा गुडघा.

"याले तर काहीच झालं नाई! हा काहून जाते आत?"

"जोर कमी नाही त्याच्यात. त्याला वेळ कमी मिळाला," मॅडम म्हणाल्या. "कुठे जायचं ते आधी माहीत असलं की तुझं अंग हवेतच तयारी करतं. मांडी आवळते, कंबर खाली येते. बातमी उशिरा कळली की ती तयारी राहून जाते आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. पापणी लवते तेवढाच फरक असतो."

"म्हंजे हाक उशिरा आली तर कोणाचाबी गुडघा जाईन."

"हाक उशिरा आली तर. नाहीतर हाक वेळेवर आली आणि तुला कळायला उशीर झाला तर. गुडघ्याला दोन्ही सारखंच."

मला ते आवडलं नाही. "मले कधीच उशीर नाई लागत," मी म्हटलं. तापट माणसाला एवढा एक गर्व असतोच.

मॅडम हसल्या. त्यांनी शाळेतल्या दोन लाकडी पट्ट्या आणल्या. मी दोन्ही हात पुढे केले, बोटं उघडी ठेवून. त्यांनी दोन्ही पट्ट्या बोटांच्या मधे वरून लोंबत धरल्या. "मी सांगीन त्या हाताची पकड, दुसरी पडू दे. काय शब्द ठेवायचे?"

"आंग अन् लार. आंग उजवा, लार डावा."

त्यांनी दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि म्हणाल्या, "लार!" माझ्या डाव्या हाताने पट्टी वरच्यावर पकडली. "आंग!" पकडली. दहा वेळा केलं, दहाही वेळा.

"वा! त्या दिवशी हेच शब्द होते?"

मी हातातली पट्टी त्यांना परत दिली. मग म्हटलं, "नाई. त्या दिवशी आकडे होते. एक अन् दोन."

"चल, आकडे लावू."

"दोन!" पट्टी बोटांतून निसटून शेवटच्या टोकाशी सापडली. "एक!" खाली पडली. "दोन!" पडली. पाचव्या वेळी मी चुकीचाच हात मिटला. पट्ट्या फरशीवर पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. शब्द कानात वेळेवर येत होता. पण दोन म्हणजे कोणतं, हे मनाला विचारून यावं लागत होतं. आठ वर्षांत पहिल्यांदाच हाक आणि पाय यांच्या मधे मी उभी होते.

आणि ते आकडे कोणी ठरवले होते? "तुले का डोकं लावाचं हाय त्याच्यात?" हे कोण म्हणालं होतं?

काजल बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. "झालं का बाई? भूक लागली असन," ती म्हणाली. मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. उठवून सांगावं असं दहा वेळा मनात आलं. तांडा आला आणि आम्ही उतरलो.

त्या दिवशी मी सांगितलं नाही. त्यानंतरचे सहा आठवडेही नाही. ज्या पोरी मला धीराची समजतात त्यांनी हे वाक्य परत वाचावं. ऑपरेशनला मी घाबरले नव्हते एवढी याला घाबरले. सांगितलं तर मी कोण उरणार होते? आपल्या चुकीने पाय मोडून घेतलेली, आणि वरून बहिणीवर ढकलणारी.

आधी उतर

त्या सहा आठवड्यांत मॅडमने एकच गोष्ट घोटून घेतली. "माझे वडील सांगायचे, खाणीत घंटी वाजली आणि कशाची ते समजलं नाही, तर हलायचं नाही. आधी उभं राहायचं. तुझंही तेच. समजलं नाही तर हवेत वळू नकोस. आधी दोन्ही पायांवर उतर, खाली बस, मग जा. पॉइंट गेला तर जाऊ दे." माझ्यासारखीला हे शिकवणं म्हणजे म्हशीला पोहू नको म्हणण्यासारखं होतं. शेकडो उड्या मारल्या. व्हिडिओत गुडघा हळूहळू आत जायचा थांबला.

शेवटच्या चाचणीला मॅडम म्हणाल्या, "माझ्या आवाजाची तुला सवय झाली. आज दुसरं कोणीतरी हाक देईल. बाहेर बहीण आहे ना?"

काजल दारात आली आणि ऐकूनच मागे सरकली. "मी नाई. मॅडम, दुसऱ्या कोनाले सांगा. मी नाई सांगत तिले."

"काजल, सांग," मी म्हटलं.

मी खोक्यावर चढले. उडी मारायच्या आतच तिचा आवाज आला, "लार!" मी उतरले, डावीकडे गेले. दुसऱ्यांदा पुन्हा तेच, माझी टाच खोक्यावर होती तेव्हाच, "आंग!"

"अगं, एवढ्या लवकर नको," मॅडम म्हणाल्या. "ती हवेत असताना सांग. तिला अडचणीत टाकायचंय आपल्याला."

काजलने मान हलवली. तिसऱ्या वेळीही लवकरच. चौथ्या वेळी ती मटकन खाली बसून रडायला लागली. "माह्यानं नाई होत, मॅडम. माह्यानं उशीर नाई होत."

वर्षभर मी एक हट्ट धरून बसले होते. तो तिथे सुटला. मी खोक्यावरून उतरले. मॅडमसमोर सांगायला लाज वाटली, म्हणून तिला फक्त एवढंच म्हटलं, "उठ. उद्या संध्याकाळी मैदानावर ये. सगळे असतीन तेव्हा ये."

चाचणी मॅडमच्याच आवाजावर पूर्ण झाली. मी पास झाले.

मैदान

आमच्या तांड्यावर संध्याकाळी मैदानाच्या कडेला बाया बसतात. शेतातून आलेल्या असतात, पाय मोकळे करायचे आणि जगाची चौकशी करायची. याडीही होती. संघाच्या सगळ्या पोरी होत्या. काजल सर्वांत मागे, कडुलिंबाला टेकून.

मी जाळीपाशी गेले. मी मोठ्यानेच बोलले, त्या दिवशी ओरडले होते तेवढ्याच मोठ्याने. "काजलनं उशिरा नाई सांगतलं. आकडे मी बदलवले. ती नको म्हणत होती. तिची हाक टायमावर आली, मले समजाले उशीर झाला. चूक माही होती, अन् मी तिच्यावर ढकलली. इतके महिने ढकलली."

एका म्हातारीने तंबाखू मळता मळता हात थांबवला. याडी उठली, काजलकडे गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. काजलने तो हात हळूच बाजूला केला आणि माझ्यापाशी आली. खिशातून मोबाईल काढला.

"मले माहीत होतं, बाई," ती म्हणाली, आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

तोच व्हिडिओ. त्यांची लिफ्टर चेंडूखाली येते. "दोन!" स्पष्ट, खणखणीत. माझे दोन्ही पाय तेव्हा जमिनीवर आहेत. मग ते चुकीच्या बाजूला निघतात. मग मी पडते. काजल धावत येते, आणि माझा आवाज येतो, "काजल, उशिरा सांगतलं तू!" तिथे ती जागच्या जागी थांबलेली दिसते.

"मेमरी भरली होती म्हणे?" मी विचारलं. "काहून नाई दाखवला कोनाले? याडीले तरी?"

काजलने खांदे उडवले. "तुया गुडघा तर गेलताच. अजून का का जाऊ देऊ तुयं?"

मी तिला धरून रडले. सगळ्या तांड्यासमोर, नाक गळेपर्यंत. लाजबीज काही वाटली नाही. याडीही रडली, आणि मग सवयीप्रमाणे आम्हा दोघींवर ओरडली की आता रडणंच करान का खेळसानबी.

काजल मागे तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथली पोरगी न सांगता बाजूला झाली. जाळीपलीकडे आमचीच एक पोरगी लिफ्टर म्हणून चेंडूखाली आली. मी वाट बघत होते. हाक येत नव्हती. चेंडू तिच्या हातातून सुटला, मी अंदाजाने उडी घेतली, आणि मी अगदी वर असताना मागून आवाज आला, "लार!"

अंग वळायला निघालं होतं. वळू दिलं नाही. दोन्ही पायांवर उतरले, खाली बसले. चेंडू पलीकडे मातीत पडला. पॉइंट गेला.

मी मागे वळून पाहिलं. "काजल, उशिरा सांगतलं तू."

"हो," ती म्हणाली. "आता खरंच सांगतलं."